साक्षरता वर्गातल्या मावशींची पेपरची तयारी: पाटीपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत

केंद्राच्या 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा'त पंधरा वर्षांवरच्या निरक्षर माणसाची जवळच्या शाळेत नोंद होते, गावातलाच कुणी स्वयंसेवक त्याला मानधनाशिवाय शिकवतो आणि शेवटी परीक्षा होते. परीक्षेचं सरकारी नाव 'पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी'. वर्गात मात्र सगळ्या जणी तिला 'पेपर'च म्हणतात. १७ मार्च २०२४ ला महाराष्ट्रभर हा पेपर झाला आणि नातवंडांच्या वर्गांत आज्या पेन हातात धरून बसल्या.

हा लेख शिकवणाऱ्यांसाठी आहे. मग ते शाळेतले शिक्षक असोत, कॉलेजातली पोरं असोत, बचत गटाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई असोत किंवा घरातल्या घरात आजीला शिकवणारी नात. अक्षरं शिकवणं आणि पेपरची तयारी करून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक वर्गांत पहिलं काम मनापासून होतं आणि दुसरं आपोआप होईल असं धरून चाललं जातं. ते होत नाही. बाजारातली पाटी वाचणारी बाई 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' या ओळीपाशी अडकून बसते, आणि तिला वाटतं की आपल्याला वाचताच येत नाही.

आधी पेपर समजून घ्या

पेपर १५० गुणांचा. तीन भाग: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. पास व्हायला प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे पन्नासपैकी १७ गुण लागतात. वेळ तीन तास, पण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात आपल्या सोयीनं येऊन बसता येतं. शेतमजुरी करणाऱ्या बाईचा विचार करून केलेला हा नियम आहे आणि तो वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगावा, कारण 'माझा रोज बुडंल' ही धास्ती पेपरच्या धास्तीइतकीच खरी असते.

'प्रत्येक भागात १७' याचा अर्थ नीट लक्षात घ्या. भाजी विकणारी मावशी संख्याज्ञानात चाळीस गुण सहज काढेल, पण ते तिच्या लेखनाच्या कामाला येणार नाहीत. म्हणून वर्गाचा वेळ सारखा वाटू नका. आठवड्यात पाच तास वर्ग होत असेल तर अडीच तास लेखनाला, पावणेदोन तास वाचनाला आणि उरलेला आकड्यांना द्या. मी तरी असंच सुचवीन. पुष्कळ वर्गांत नेमकं उलटं चालतं: वाचन रंगतं, आकडेमोड रंगते आणि लिहायला 'घरी सराव करा' म्हणून सांगितलं जातं. घरी सराव होत नसतो. घरी भाकरी, धुणं आणि म्हशी असतात.

डोळे, हात, वेळ

वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येकीला विचारा: सुईत दोरा ओवता येतो का? चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकींना येत नाही, नातीला हाक मारावी लागते. म्हणजे जवळचं दिसत नाही. अशा बाईला तुम्ही महिनाभर 'घ' आणि 'ध' यांतला फरक समजावत बसाल आणि तिला कागदावर दोन सारखेच काळे ठिपके दिसत राहतील. 'माझ्या डोक्यात शिरत नाही' असं ती म्हणते, तेव्हा अडचण डोक्यात नसून डोळ्यांत असण्याची शक्यता पुष्कळ असते. ग्रामीण रुग्णालयात किंवा एखाद्या नेत्र शिबिरात सगळ्यांना एकदम घेऊन जा. जवळचा साधा चष्मा फार महाग नसतो. अख्ख्या तयारीत याहून जास्त गुण मिळवून देणारं काम मला माहीत नाही.

मग हात. खुरपं, विळा, उखळ यांना सरावलेला हात पेन इतकं घट्ट धरतो की दहा मिनिटांत बोटं दुखायला लागतात. पहिले काही दिवस पाटी-पेन्सिलवर, मोठ्या अक्षरांत, हात मोकळा फिरवून लिहून घ्या. हवेत बोटानं, राखेत काडीनं, अंगणात खडूनं गिरवलं तरी चालेल. रांगोळी काढणाऱ्या हाताला वळण शिकवावं लागत नाही. 'ळ' काढताना अडलेल्या मावशीला म्हणावं, रांगोळीतल्यासारखी दोन वेटोळी घाला, आणि ती घालते. पण पाटीवर फार दिवस रमू नका. पेपर पेनानं लिहायचा आहे, आणि पेन खोडता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुरेघी वही आणि बॉलपेन हातात आलं पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर शाळेचं वेळापत्रक इथे चालत नाही. मराठवाड्यात सोयाबीनची काढणी असते तेव्हा ऑक्टोबरमध्ये वर्ग भरत नाही. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचा तर दिवाळीच्या आगेमागे मुक्कामच हलतो. म्हणून पावसाळ्यातच सुरुवात करा आणि जडजड भाग, म्हणजे मात्रा आणि जोडाक्षरं, स्थलांतराच्या आधी उरका. संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर तासभर मिळतो. मालिकेच्या वेळेशी मात्र भांडू नका, हरता.

नावापासून सुरुवात, पण नावावर थांबू नका

स्वतःचं नाव हा पहिला धडा असावा, यावर कुणाचं दुमत नसेल. बँकेत अंगठा उठवताना शेजारी उभा असलेला कारकून शाईचं पॅड पुढे सरकवतो, ते ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना सही शिकण्याची घाई असते. आणि ती योग्यच आहे. फक्त सही हे चित्र म्हणून शिकवू नका. 'मंगल' शिकवलंत की लगेच त्यातला 'म' उचला: मका, मन, मनगट. 'ग' उचला: गहू, गवत, गडी. 'ल' उचला: लसूण, लगाम. सगळ्या जणींच्या नावांतली अक्षरं फळ्यावर एकत्र मांडलीत तर आठ-दहा बायकांच्या वर्गात अर्ध्याहून अधिक मुळाक्षरं घरचीच निघतात. 'अ अननसाचा' पासून सुरू करण्याचं कारण नाही. अननस खाल्लेला नसतो, आणि 'ज्ञ' पर्यंत पोचेतो वर्ग निम्मा रिकामा होतो.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट इथेच उरकून घ्या. पेपरच्या पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि माहेरचं तिसरं अशी गत अनेकींची असते. शाळेत नोंद कोणत्या नावानं झाली आहे ते पाहा, आधारशी जुळतंय का ते तपासा आणि तेच नाव, त्याच क्रमानं, सुरुवातीपासून लिहायला शिकवा. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, मग गाव, तालुका, जिल्हा. ही ओळ रोज एकदा, हजेरी म्हणून, प्रत्येकीनं स्वतः लिहायची. वहीत वेगळा सराव म्हणून लिहायला कंटाळणारी बाई हजेरीपटावर आवडीनं लिहिते.

मात्रा आणि सारखी दिसणारी अक्षरं

मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि नंतर उच्चारतात. लहान मूल हे निमूट स्वीकारतं. मोठं माणूस विचारतं, 'आधी काढलंय तर आधी का नाही म्हणायचं?' प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर देत बसू नका, जोड्या द्या: दन–दिन, मठ–मिठ, वहीर–विहीर. यातल्या काही शब्दांना अर्थ नाही, ते मुद्दाम. अर्थ नसलेला शब्द अंदाजानं वाचता येत नाही, त्याची वेलांटी बघावीच लागते.

सारखी दिसणारी अक्षरं वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवा आणि मग एका दिवशी समोरासमोर आणा. घ–ध, भ–म, ब–व, प–ष, य–थ, ट–ठ–ढ. 'भात' आणि 'मात', 'धर' आणि 'घर' असे शब्द शेजारी लिहून फक्त फरकाच्या जागेला गोल करायला सांगा. 'र' ची तर निदान चार रूपं आहेत: रस, सूर्य, क्रम, दुसऱ्या. पैकी रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण त्या अक्षराच्या आधी उच्चारतात, म्हणजे वेलांटीच्या बरोबर उलटा गोंधळ. त्याला एक पूर्ण संध्याकाळ द्या. 'अर्ज', 'कर्ज', 'खर्च', 'वर्ष', 'मार्च' हे शब्द पुरेत. 'कर्ज' शिकवायला फार कष्ट पडत नाहीत.

'ल' आणि 'श' यांच्याबद्दल. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेचा आदेश काढून मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. मोबाइलवर, एसटीच्या डिजिटल पाटीवर आणि पुष्कळ छापील कागदांवर मात्र हिंदी वळणाची अक्षरं सर्रास दिसतात. लिहायला मराठी वळणाचं शिकवा, ओळखायला दोन्ही. नाहीतर पेपरात वेगळा टंक आला की 'हे तर आम्हाला शिकवलंच नाही' अशी कुजबुज सुरू होते.

पाठ असलेली ओवी वाचायला द्या

जात्यावरच्या ओव्या येत असलेली एक तरी आजी बहुतेक वर्गांत सापडते. तिला एक म्हणायला लावा आणि ती म्हणेल तशी, तिच्याच बोलीत, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मग छडी शब्दाशब्दावर ठेवत सगळ्यांनी म्हणायची. यात वाचणं कमी आणि आठवणं जास्त आहे हे खरं, पण एक फार मोठी गोष्ट साधते: तोंडातला शब्द कागदावर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळतं. बोलताना शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ती कागदावरच असते आणि ती दिसायला शिकावी लागते.

दुसऱ्या दिवशी तीच ओवी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून आणा, शब्दाशब्दाला कापा आणि पट्ट्या विस्कटून द्या. आता पाठांतर उपयोगाचं नाही, जुळवायला वाचावंच लागतं. ओवी संपली की आरती, मग बचत गटाच्या वहीतली ओळ, मग औषधाच्या चिठ्ठीवरचं 'जेवणानंतर'. पुस्तक बाजूला ठेवा असं माझं म्हणणं नाही. शासनाची प्रवेशिका हाताशी हवीच. पण वर्गात हशा पिकतो तो ओवीवर आणि हजेरी टिकते तीही तिच्यामुळेच.

लिहिणं: सगळ्यात जास्त वेळ इथे

लिहिण्याच्या पायऱ्या उतरत्या मदतीनं लावा. आधी पाहून लिहिणं. मग फळ्यावर शब्द दाखवायचा, पुसायचा आणि लिहायला सांगायचं. मग ऐकून लिहिणं. मग चित्र पाहून नाव लिहिणं. आणि शेवटी मनानं एक वाक्य. पाहून लिहिण्यात बाया तरबेज होतात, वह्या सुंदर दिसतात, पाहुणे आले की कौतुक होतं. त्या वहीवर विश्वास ठेवू नका. पुसलेला शब्द लिहिता आला तरच तो आला.

बोलीचा प्रश्न इथेच उभा राहतो. 'पाणी' ला 'पानी' म्हणणारी बाई 'पानी' च लिहिणार. खानदेशात, वऱ्हाडात 'डोळा' चा 'डोया' होतो, 'केळी' ची 'केयी'. तिचं बोलणं दुरुस्त करायला जाल तर ती वर्गात तोंड उघडणं बंद करेल. बोलताना पानी म्हणा, कागदावर पाणी लिहा, इतकंच सांगायचं. आणि रोजच्या वापरातल्या पन्नासेक शब्दांची यादी भिंतीवर लावायची: पाणी, शाळा, डोळे, केळी, आणि, गाव, बाजार, दवाखाना, मुलगा, मुलगी. दररोज येता-जाता पाच शब्द.

शुद्धलेखनाचा बाऊ करू नका, पण एक नियम जरूर शिकवा, कारण तो एकच पुष्कळ चुका वाचवतो. शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर दुसरी, उकार आला तर दुसरा. पाणी, गादी, लाडू, गहू, कवी, गुरू. 'आणि' हा अपवाद भिंतीवर लावून ठेवा. शब्दाच्या मधल्या ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सांगत बसलात तर लिहिणारी दर शब्दाला थांबते, आणि पेपरात न लिहिलेल्या वाक्याला गुण नसतात.

वाक्य लिहायला लावताना विषय पोकळ देऊ नका. 'माझे गाव' म्हटलं की कोऱ्या कागदाकडे बघत बसतात. 'आज जेवायला काय केलं होतं?' हे विचारा आणि तोंडी आलेलं उत्तर जसंच्या तसं लिहायला सांगा. 'मी भाकरी केली.' झालं वाक्य. त्याच्या शेवटी पूर्णविराम. उद्या त्यालाच जोड: 'मी भाकरी आणि पिठलं केलं.' परवा 'का' चं उत्तर. महिन्याभरात तीन वाक्यं सलग येतात.

बँकेची पैसे काढायची स्लिप हा तर तयार धडा आहे. नाव, तारीख, खाते क्रमांक, रक्कम आकड्यांत, रक्कम अक्षरी, सही. बँकेतून कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा मागून आणा. 'दीड हजार' असं म्हणणारी बाई 'एक हजार पाचशे रुपये फक्त' लिहायला शिकते. फॉर्म भरण्याच्या प्रश्नाची तयारी तिथेच होऊन जाते, आणि पुढच्या सोमवारी बँकेत तिचा उपयोगही होतो.

पेपरची स्वतःची भाषा

वर्गाचा सूर बदलायची वेळ इथे येते. पेपरात सूचना असतात त्या ओळी एकदा स्वतः वाचून पाहा: 'चित्र पाहून योग्य शब्द लिहा', 'जोड्या लावा', 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा', 'वाक्य पूर्ण करा', 'अचूक उत्तराला गोल करा'. चित्र, योग्य, शब्द, जोड्या, प्रश्न, उत्तर, वाक्य, पूर्ण. सगळी जोडाक्षरं! वर्गात जोडाक्षरं अगदी शेवटी येतात, पेपरात मात्र प्रत्येक प्रश्नाच्या दारातच ती उभी असतात. उत्तर येत असूनही बाई आत शिरू शकत नाही.

उपाय सोपा आहे. हे बारा-पंधरा शब्द अक्षरं फोडून शिकवायची वाट बघू नका. दुसऱ्या महिन्यातच ते अख्खे, चित्रासारखे ओळखायला शिकवा. पुठ्ठ्यावर मोठे लिहून दाराजवळ टांगा. 'प्रश्न' दाखवला की हात वर, 'उत्तर' दाखवला की लिहिण्याची खूण, 'जोड्या लावा' दाखवलं की दोन बोटं जुळवायची. मोठ्या माणसांना असले खेळ पोरकट वाटतील अशी भीती बाळगू नका. फुगडी घालणाऱ्या बायका आहेत त्या.

मग प्रश्नांचे प्रकार एकेक करून. ज्यानं शाळा पाहिलेली नाही त्याला 'जोड्या लावा' म्हणजे काय करायचं हे मुळीच उघड नसतं. डावीकडे 'गाय', उजवीकडे 'दूध': रेघ कुठून कुठे ओढायची? दोन रेघा एकमेकींना छेदल्या तर चूक का? 'रिकामी जागा' म्हटलं की काही जणी खरोखरच ती रिकामी सोडतात. चार पर्यायांपैकी एकालाच खूण करायची, हेही सांगावं लागतं. दोन बरोबर वाटले की दोन्हींना खूण होते. म्हणून प्रत्येक प्रकार आधी वस्तूंनी खेळून घ्या. जमिनीवर शब्दांच्या चिठ्ठ्या आणि खऱ्या वस्तू ठेवून दोरीनं जोडायला लावा, मग फळ्यावर, मग कागदावर. एका प्रकाराला दोन दिवस पुरतात.

सरावाचे कागद छापताना अक्षर आधी ठसठशीत ठेवा आणि दर आठवड्याला थोडं थोडं बारीक करा, वर्तमानपत्राच्या बातमीइतकं होईपर्यंत. पानावर प्रश्नही आधी दोनच, मग चार, मग पान भरून. भरलेलं पान पाहून दचकणं ही खरी अडचण आहे आणि ती सवयीनंच जाते. कुठला प्रश्न झाला आणि कुठला राहिला हे कळण्यासाठी सोडवलेल्या प्रश्नाच्या आकड्याला लहानशी खूण करायला शिकवा.

मागच्या वर्षीचा पेपर मिळाला तर जरूर सोडवून घ्या, पण त्याची उत्तरं घोकून घेऊ नका. तसं करणारे वर्ग मी पाहिले आहेत. प्रश्नाचा आकडा बदलला की अख्खा वर्ग कोसळतो.

उतारा: कागदात आहे तेवढंच

हा एक उतारा घ्या:

'गुरुवारी आमच्या गावचा बाजार असतो. शांताबाई सकाळी लवकर निघाल्या. त्यांनी मेथीच्या वीस जुड्या नेल्या. एक जुडी दहा रुपयांना विकली. दुपारी दोनपर्यंत सगळी मेथी संपली.'

प्रश्न: शांताबाईंनी मेथीची जुडी कितीला विकली? वर्गात हमखास उत्तर येतं, 'पंधराला. दहाला कुठं परवडतंय?' दुसरी म्हणते, 'दोनपर्यंत मेथी टिकतीय व्हय? सुकून जाईल.' दोघींचंही बरोबर आहे. पेपरात मात्र गुण जातील.

याला अडाणीपणा समजू नका. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारलं होतं: उत्तरेकडे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर मिळालं, आम्ही तिकडे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. जे पाहिलं त्याबद्दलच बोलायचं, ही प्रामाणिक माणसाची सवय आहे. शाळा आपल्याला न पाहिलेल्या गोष्टीवरही, कागद म्हणतो म्हणून, तात्पुरता विश्वास ठेवायला शिकवते, आणि आपण ते शिकलो होतो हेसुद्धा विसरून जातो.

म्हणून उतारा वाचला की दोन प्रश्न वेगळे विचारा. 'कागद काय म्हणतो?' आणि 'तुम्ही काय म्हणता?' पहिल्याचं उत्तर देताना उताऱ्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलंच पाहिजे. बोट ठेवल्याशिवाय उत्तर धरायचं नाही. दुसऱ्या प्रश्नावर मनसोक्त भांडू द्या. मेथीच्या भावावरून पंधरा मिनिटं गेली तरी ती फुकट जात नाहीत. पेपरात फक्त पहिलाच प्रश्न असतो, हे चार-पाच उताऱ्यांनंतर पक्कं बसतं.

संख्याज्ञान

इथे थोडक्यात. तोंडी हिशेब तुमच्यापेक्षा चांगला येतो, शिकवायचं आहे ते लिहून दाखवणं. मोबाइलवर इंग्रजी अंक पाहिलेले असतात, पेपर मराठी अंकांत असतो. १ आणि ९, ३ आणि ६ यांचे घोळ वेगळे काढा. एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द आणि त्यांचे आकडे समोरासमोर लिहून घ्या. घड्याळ, कॅलेंडर आणि नोटा खऱ्याच वापरा.

शेवटचे पंधरा दिवस

नवीन काही शिकवणं बंद. दोन सराव पेपर पूर्ण वेळ लावून घ्या, आणि ते तुमच्या ओट्यावर न घेता परीक्षा होणार त्याच शाळेत घ्या. पहिलीच्या बाकावर सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना बसता येत नाही, हे सराव पेपरातच कळलेलं बरं. मुख्याध्यापकांना खुर्च्या-टेबलांचं आधीच सांगून ठेवा.

एकमेकींना सांगण्याची सवय ही खरी कसोटी. आयुष्यभर एकमेकींना धरून जगलेल्या बायका पेपरातही मोठ्यानं म्हणतात, 'अगं, तिसऱ्याचं उत्तर गाय हाय.' रागावू नका. सराव पेपरात त्यांना लांब बसवा आणि आज का बोलायचं नाही ते समजावून सांगा. आणि तुम्हीही पेपराच्या दिवशी कुणाच्या हाताला धरून लिहू नका, नातवालाही लिहू देऊ नका. पास झालेल्या मावशीला ते कायम माहीत असतं. पुढच्या वेळी बँकेत सही करताना ती पुन्हा शाईचं पॅड मागते.

आदल्या दिवशी पिशवी भरून घ्या: चष्मा, निळ्या किंवा काळ्या शाईची दोन पेनं, आधार कार्ड, पाण्याची बाटली, बीपी-शुगरची गोळी. उपास असेल तर त्या दिवशी खिचडी तरी खाऊन यायला सांगा. प्रत्येकीनं किती वाजता यायचं ते तिच्या कामाप्रमाणे ठरवून कागदावर लिहून द्या, तिलाच वाचता येईल असं. पेपर हातात आला की आधी नाव-गाव लिहायचं, मग येतात ते प्रश्न, अडलेल्यापाशी थांबायचं नाही. आकड्यांचा भाग ज्यांना सोपा जातो त्यांनी तिथून सुरू केलं तर हात मोकळा होतो, पण लेखनाला निदान सव्वा तास राखून ठेवायला सांगा.

निकालानंतर

कुठला भाग राहिला ते आधी पाहा. वाचन आणि आकडे सुटले आणि लेखन अडलं असेल तर पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करायचं नाही. ज्या पायरीवर हात अडला, बहुधा ऐकून लिहिण्यावर, तिथूनच पुढे जायचं. अशा तीन-चार जणींचा वेगळा गट करा आणि त्यांना पास झालेल्या एकीच्या हाताखाली द्या. तिचाही सराव राहतो.

पास झालेल्यांचं प्रमाणपत्र हातात पडलं की त्यावरचं नाव आधारशी पडताळून घ्या आणि चूक असेल तर शाळेत लगेच कळवा. त्याच आठवड्यात बँकेत सगळ्या जणींना घेऊन जा आणि खात्यावर अंगठ्याऐवजी सहीचा नमुना द्यायचा अर्ज करा. तो अर्ज त्यांनीच लिहायचा, तुम्ही फक्त शेजारी बसायचं.